लिव्ह, स्टे आणि आमचं रवणं

माझी सून परदेशी नर्सिंगच्या इंग्रजी परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली, त्या दिवशी मी दोन बांगडे जास्त तळले. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कितीही शहाणपणाचं बोलले तरी वाचणाऱ्याला माझी लायकी ठाऊक असेल.

"आई, आज बांगडे जास्तसे?" ताटावर बसताना ती म्हणाली.

"ताजे होते गो," मी म्हटलं.

बांगडे ताजे होतेच. पण ते काही त्यांच्या ताजेपणामुळे तव्यावर गेले नव्हते.

आमच्या घरात माणसं मोजकी. मुलगा हंगामात पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवतो आणि पावसाळ्यात घरी बसून मोबाइल बघतो. सून खारेपाटणकडची, सरकारी रुग्णालयात कंत्राटी नर्स. नऊ वर्षं तिचं कंत्राट दर वर्षी संपतं आणि दर वर्षी ती नव्याने अर्ज भरते. पाच वर्षांची नात. आणि मी. सून परीक्षा पास झाली की आधी ती जाणार, मग तिच्या मागोमाग हे दोघे. "आई, तुमी पण येवा," असं दोघं म्हणत. "येतंय की," असं मी म्हणत असे. मी कुठेही जाणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं, पण बोलायला काय जातं?

आणि तिला इंग्रजी शिकवत कोण होतं? तर मीच. तीस वर्षं मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवलं. घरात इंग्रजीची बाई असताना सुनेने क्लास कशाला लावायचा?

त्या बाईबद्दल थोडं सांगायला हवं. म्हणजे माझ्याबद्दलच, पण तेव्हाच्या. तिची आठवण आली की मला तिचा कान धरावासा वाटतो. कडक इस्त्रीची साडी, हातात पट्टी, पर्समध्ये लाल शाईची दोन पेनं, एक संपलं तर वर्ग बिनचूक राहील म्हणून. ही बाई इंग्रजी शिकली एका मास्तरांकडून, ते शिकले त्यांच्या मास्तरांकडून, आणि आम्हा तिघांपैकी कुणीच जिवंत इंग्रज बघितला नव्हता. मेलेलाही नाही. पण आत्मविश्वास असा, की विलायतेच्या राणीने निबंध लिहून दिला असता तर बाईंनी त्यातही तीन चुका काढल्या असत्या.

सारख्या दिसणाऱ्या क्रियापदांमधला फरक, हा बाईंचा खास हातखंडा. 'लुक' वेगळं, 'सी' वेगळं, 'वॉच' वेगळं. पहिल्याच वर्षी 'हिअर' आणि 'लिसन' शिकवायचं होतं. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. बाईंनी पट्टी आपटली, सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, "आता समुद्र ऐका. हे लिसन." मागच्या बाकावर एक मासे विकणारीची मुलगी होती. ती म्हणाली, "बाई, समुद्राचो आवाज येताच. मुद्दाम ऐकाक कोण जाता? तो बंद पडलो, तर मात्र कान देवन ऐकतलव."

एवढा चांगला फरक मला आजवर कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही. बाईंनी काय करावं? इंग्रजीच्या तासाला मालवणी बोलली म्हणून तिला बाकावर उभं केलं.

पण बाईंची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे 'लिव्ह' आणि 'स्टे'. आम्ही मालवणी माणसं सगळीकडे रवतो. घरात रवतो, मावशीकडे चार दिवस रवतो, स्टँडवर गाडीसाठी रवतो, एकादशीला उपाशी रवतो. कोणी घाईने पुढे गेला तर त्याला ओरडतो, "रव रे!" एवढ्या एका शब्दावर आमचा जन्म निघतो. इंग्रजीत याचे चार तुकडे आहेत हे बाईंना कळलं होतं, पण कुठला तुकडा कुठे लावायचा हे कळलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःच ठरवलं. लिव्ह म्हणजे जगणे. जगतात तर गुरंढोरंही. तेव्हा सभ्य माणसाने आपला पत्ता सांगताना 'आय स्टे ॲट' म्हणावं. फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. तीस वर्षं ओढल्या.

आज या किनाऱ्यावर निम्मे होम स्टेवाले माझे विद्यार्थी आहेत. कुणी गोरा पाहुणा आला की ते आपुलकीने विचारतात, "व्हेअर आर यू स्टेइंग?" तो बिचारा तोंडवलीतल्या कुठल्या तरी लॉजचं नाव सांगतो. मग आमचे लोक एकमेकांकडे बघून म्हणतात, "येडो आसा. आपलो देश सांगूक नाय." हे सगळं माझंच पीक.

तर सून दुसऱ्यांदा नापास झाली ती कशी, ते मला बांगडे खाऊन झाल्यावर कळलं. परीक्षा पणजीला होती. समोर संगणकाच्या पडद्यावर एक गोरी बाई, तिच्याशी बोलायचं.

"तिना पहिला काय विचारल्यान?" मी विचारलं.

"व्हेअर डू यू लिव्ह."

"सोपा तर होता!"

"होय. मी सांगितलंय, आय स्टे ॲट माय मदर-इन-लॉज हाऊस."

"बरोबर," मी म्हटलं. अजूनही मला त्यात काही चुकलेलं दिसत नव्हतं, हे लक्षात घ्या.

"ती हसली आणि म्हणाली, असं का, किती दिवसांसाठी? मी म्हटलंय, सिन्स मॅरेज. नाईन इयर्स. तिका काय ता समाजलाच नाय. मगे तिना हळूच विचारल्यान, नऊ वर्षं पाहुणी म्हणून राहिलीस, मग तुझं स्वतःचं घर कुठे आहे?"

"मगे?"

"मगे काय? माका सुचलाच नाय."

"अगो, हय, ह्याच घरात म्हणून सांगूचा होता!"

तिने ताटातला काटा बोटाने इकडून तिकडे सरकवला. "आई, हय म्हणून सांगूचा होता ता माका आता कळता. तेव्हा वाटला, खारेपाटण सांगू की काय. मगे वाटला, थय तर भावाचा घर. हयचा सांगू, तर दारावर पाटी तुमची. तेवढ्यात ती पुढचो प्रश्न विचारूक लागली आणि माका ऐकाकच येईना. शेवटपर्यंत नाय."

मी ताटं उचलली. चूल, गॅस, मोरी, जिथे हात जाईल तिथे पुसत सुटले. माझ्या घरात नऊ वर्षं पाणी भरलेली, माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर मला उचलून बसवलेली पोर, आणि तिला 'घर कुठे' म्हटल्यावर उत्तर सापडत नाही. एका क्रियापदाने तिला माझ्या घरात पाहुणी केलं होतं. नाही, ते क्रियापद बिचारं कशाला? पाटीवर माझं एकटीचं नाव आहे, ते मीच लावून घेतलंय. निवृत्त झाले तेव्हा, हौसेने, 'बी.ए., बी.एड.' सकट.

तिसऱ्यांदा बसायचं ठरलं. ही शेवटची खेप, असं सुनेने स्वतःच ठरवलं. पण आता तिने माझ्याकडे वही आणली नाही. मोबाइलवरच्या कुणा मुलीचे धडे ती बघायला लागली. मोठ्या प्रेमाने मलाही शेजारी बसवून घेई. ती मोबाइलवरची मुलगी, वय माझ्या लाल पेनाएवढं, हसत हसत सांगे की कायमचं राहतो तिथे लिव्ह, थोडे दिवस राहतो तिथे स्टे. आणि माझी सून माझ्याकडे न बघता ते लिहून घेई. न बघता. तीस वर्षांत माझा असा अपमान कुणी इतक्या अदबीने केला नव्हता.

नातीला मात्र मजा. ती इंग्रजी शाळेत जाते. तिने परीक्षेचा खेळ काढला. लाटणं माइकसारखं धरून माझ्यासमोर यायची. "आजी, व्हेअर डू यू लिव्ह?"

"आय स्टे..."

"राँग!" ती किंचाळायची. "आजी, तू परत राँग! तुका बाकावर उभी करूया?"

मी करून घेतलं. खरंच, पडवीतल्या बाकावर चढले, गुडघा धरून. नात टाळ्या पिटत होती, मुलगा "आई, पडशीत!" म्हणून धावत आला. मला मात्र वर उभी असताना ती मागच्या बाकावरची मुलगी दिसत होती. तिला बाकावरून उतरायला मी किती वेळाने सांगितलं होतं, ते मला काही केल्या आठवेना.

माझं मन त्या दिवसांत मला अजिबात ऐकत नव्हतं. सून पाठ करताना अडखळली की मला बरं वाटे आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटे. ती बरोबर बोलली की अभिमानाने छाती भरून येई, आणि त्यातच कुठेतरी खोल काहीतरी तुटे. एका वेळी दोन दोऱ्या ओढायच्या आणि मध्ये आपणच, असं. शेवटी मी ठरवलं, आपल्याला झेपत नाही, देवाला विचारू.

आमच्याकडे ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला सगळी हकीकत सांगून प्रश्न विचारतो, आणि देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची कळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. नारळ ठेवायला जाते असं घरी सांगून मी सकाळी देवळात गेले.

गुरव माझा विद्यार्थी. नववीत मी त्याला दोनदा नापास केलं होतं. आता त्याची मिशी पांढरी झाली आहे.

"बाई! तुमी आणि कौल?" तो म्हणाला. "आमका तर सांगायचास, अंधश्रद्धा म्हणून."

"गप रव आणि लाव," मी म्हटलं.

"प्रश्न काय?"

"सुनेक परीक्षेत यश येतला काय?"

त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक आज तुझ्या पायाकडे उभी आसा. तिच्या सुनेक यश येवचा आसात, तर उजवो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. दुसरं कुणी नव्हतंच.

कळ्या तशाच. आम्ही बघत राहिलो. बाहेर कुणीतरी मोटारसायकल धुतली, पुसली, घेऊन गेला. कळ्या हलेनात.

"प्रश्न बदला, बाई. देवाक समाजलो नाय वाटता."

"सुनेन जावचा काय?"

पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा "व्हय म्हाराजा". कळ्या जागच्या जागी.

"परत बदला."

आता माझ्या पोटातला खरा प्रश्न उरला होता. तो मी इतक्या हळू विचारला, की गुरवाने कान पुढे केला. "मोठ्यान सांगा बाई. वर्गात आमच्यार ओरडायचास तसा."

'सुनेन हयच रवाचा काय' एवढंच विचारायचं होतं. चार शब्द. पण ते मोठ्याने म्हणायचं म्हणजे देवासमोर उभं राहून एका तरण्या पोरीच्या पायात दोरी बांधायची. आणि उजवी कळी पडली असती तर? तर मी घरी जाऊन काय सांगणार होते, आणि डावी पडली असती तर काय करणार होते? तीस वर्षं मुलांना वाक्यं करायला लावली. तिथे मला एक वाक्य करता आलं नाही. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

गुरवाने माझ्याकडे बघितलं. मग देवाकडे वळला आणि आपल्याच मनाने गाऱ्हाणं घालू लागला. "बा देवा म्हाराजा, ह्या बाईक काय व्हया, ता ह्या बाईकच म्हायत नाय. तेव्हा तुका जसा बरा दिसात, तसा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," माझ्या तोंडून गेलं.

आणि उजवी कळी टपकन पडली.

"उजवो दिल्यान!" गुरव खूश झाला.

"कसलो उजवो? विचारलंस काय तू?"

"तुमका काय व्हया ता तुमकाच म्हायत नाय, ह्येका देव होय म्हणता." प्रसादाचा नारळ माझ्या हातात देताना तो मिशीतल्या मिशीत हसला. "बाई, नववीत मी पण असोच उभो होतंय. तुमी विचारायचास, आणि माका काय्येक सुचायचा नाय. तेव्हा देव पण नसायचो बाजूक."

घरी आले. सून दुपारच्या पाळीला जायची तयारी करत होती. मी तिला सगळं सांगितलं. कौलाचं, प्रश्नांचं, आणि बांगड्यांचंही.

ती केस विंचरता विंचरता थांबली. मला वाटलं, आता रडेल किंवा चिडेल. "माका तेव्हाच कळला होता," ती म्हणाली. "तुमी कधी दोन दोन बांगडे वाढतास? आमच्या लग्नात पण एक एक वाढलो होतास."

"आणि तू खाल्लंस?"

"ताजे होते मगे."

दुसऱ्या दिवशी मी मुलाला सांगून दारावरची पाटी काढून घेतली. त्या जागी भिंतीला फिकट चौकोन राहिला. तिथे काय लावायचं यावर अजून एकमत झालेलं नाही.

तिसऱ्या परीक्षेला मी पणजीला गेले नाही. जाऊन करणार काय? घरीच बसले, नातीची वेणी तीनदा घातली आणि तीनदा सोडली. संध्याकाळी सून आली ती चप्पल काढायच्या आधीच सांगत सुटली. तोच प्रश्न आला होता. व्हेअर डू यू लिव्ह. या वेळी पडद्यावर कुणी गोरा बाप्या होता.

"मी सांगितलंय, आय लिव्ह नियर मालवण विथ माय हजबंड, माय डॉटर अँड माय मदर-इन-लॉ. तेना विचारल्यान, सासू काय करते? मी म्हटलंय, शी इज अ रिटायर्ड टीचर. शी टॉट मी राँग इंग्लिश."

"असा सांगितलंस?"

"होय! तो इतको हसलो आई, की माझा सगळा भय गेला. मगे मी ह्याच्यावरच बोलत रवलंय. तुमचा लाल पेन, बाक, बांगडे, सगळा."

ती चांगल्या गुणांनी पास झाली. म्हणजे बघा, शेवटी तिला माझ्याच चुकांनी पास केलं. त्याचा आनंद मानावा की डोकं धरून बसावं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. कागद, व्हिसा, बॅगा. तिच्या बॅगेत कोकमं, मालवणी मसाला, सुकवलेले जवळे, आणि ते जवळे तिथल्या विमानतळावर काढून टाकायला लावतील म्हणून मुलगा ओरडत होता. आधी ती गेली. आंबे देवगडहून मुंबईला निघतात तेव्हाचे ते दिवस, रस्त्याला टेंपोच टेंपो. चार महिन्यांनी मुलगा आणि नातही गेली. मी दारात उभी होते. रव गो, असं नातीला म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

आणि मग ते घरातले आवाज. मिक्सर, मुलाच्या मोबाइलवरची बडबड, नातीचं "राँग!", सुनेच्या स्कूटरचा खोकला. इतकी वर्षं ते येतच होते. मुद्दाम कोण ऐकतो? ते बंद पडल्यावर मी कान देऊन बसले. ती मागच्या बाकावरची मुलगी आता कुठे असेल कोण जाणे. भेटली तर तिला पैकीच्या पैकी द्यायचे आहेत.

परवा सुनेचा फोन आला. व्हिडिओवर तिच्या पाठीमागे खिडकी, बाहेर बर्फासारखं काहीतरी. त्या दिवशी तिला सुट्टी होती, बँकेत खातं उघडायला गेली होती.

"आई, बँकेतल्या बाईन विचारल्यान, व्हेअर डू यू लिव्ह," ती म्हणाली. "मी एकदम, विचार न करता, बरोबर सांगितलंय! आय लिव्ह ॲट... आणि सगळो हयचो पत्तो, ह्या नव्या घराचो. एकदा पण अडखळलंय नाय."

तिचा चेहरा बाकावरून उतरलेल्या मुलीसारखा फुलला होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. उत्तर तपासून घ्यायला पोरं बघतात तसं.

मी वाक्य पुन्हा मनात वाचून बघितलं. क्रियापद बरोबर होतं. पत्ता बरोबर होता. लाल शाई लावायला कुठेही जागा नव्हती.

"शाबास," मी म्हटलं.